भांडलेल्याचा पहिला पाय

ऐका, लई वर्सांमागची गोष्ट. आपल्या पणजाचा पणजाबी तवा जन्मला नसंल. कारंडी नदीवर तवा गेणू भोई नाव चालवायचा. गडी ताडावानी, डोकं तापल्या तव्यावानी. पर पल्याडनं हाक आली की त्यो हातातली भाकर ठेवून उठायचा. हाक आली आन् गेणू बसून ऱ्हायला, असं कवाच झालं न्हाई, असं म्हनत्यात.

त्येचं वाकडं एकट्या बिरू धनगराशी. बिरूच्या बकरीनं नावंचा अंबाडीचा दोर खाल्ला आन् नाव तीन गावं खाली वाहत गेली. गेणूनं तडक खंडोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला. बिऱ्याचा पाय माझ्या नावंला लागला तर देवा माझं वाटोळं कर, म्हनला. भंडाऱ्याची शपथ म्हंजे पोरखेळ न्हाई. तवापासनं बिरू दोन कोस लांबच्या उतारावनं नदी वलांडायचा.

एका भादव्यात पूर आला, उतार बुडाला. सकाळच्या पारी पल्याडनं हाक आली. बिरूच व्हता. कडंवर तीन वर्साची लेक, तिला इंचू चावलेला, अंग घामानं गारठल्यालं. औषिद देनारी म्हातारी ऱ्हायाची अल्याड.

गेणूनं शिव्या देत नाव लोटली. पल्याड गेल्यावर म्हनला, पोर दे इकडं. पोर बापाच्या गळ्याची मिठी सोडंना. मग गेणू खाली वाकला.

"चढ खांद्यावर. पाय खाली टेकलास तर तंगडं मोडीन."

नावंवर गेणू, गेणूवर बिरू, बिरूला बिलगल्याली पोर. अल्याडची मानसं पोट धरून हासली, असं म्हनत्यात.

"गेण्या, निस्ती हाडंच टोचत्यात. मास कुटं गेलं रं?"

"तुझ्या बकरीनं खाल्लं."

पर मधल्या धारंत नाव डुलायला लागली. वरचं वझं झेपंना. काठावरचं हासनं थांबलं. गेणूला कळून चुकलं, शपथ पाळली तर पोर बुडती.

"उतर खाली," त्यो म्हनला.

"आरं, भंडारा उचललायस न्हवं?"

"देवाचं मी बघून घीन. त्यो थांबंल, पोर थांबायची न्हाई. टेक पाय."

बिरूनं पाय टेकला आन् नदीचं पानी भंडाऱ्यावानी पिवळंजरद झालं. वल्हं न मारता नाव काठाला लागली, असं म्हनत्यात. म्हातारीनं मुळी उगाळली. तिसऱ्या पारी पोरीनं भाकर मागितली. आन् गेणूचं वाटोळं? नव्वद वर्सं जगला, सगळ्या दातांनिशी.

आजबी दर भादव्यात गाव नावंच्या फळीला भंडारा लावतं. ज्येच्याशी सालभर बोलनं बंद, त्येचा पहिला पाय फळीवर. वल्हं त्येच्या वैऱ्याच्या हातात. वाटंत शिव्या द्यायला मोकळीक. गेल्या साली बांधावरनं भांडल्यालं दोन चुलतभाऊ असंच गेलं. जाताना एकमेकाचं बारा पिढ्यांची मढी उकरली. येताना मातूर एकच पान अर्धं अर्धं चघळत आलं.