शेपटाचं शेत

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा पायी चालत आणि चालल्यावर त्यांना घामही येई. एक आटपाट नगर होतं. आट म्हणजे काय ते शहाण्यांना विचारा. पाट मात्र होता. डोंगरातल्या बंधाऱ्यापासून निघायचा, राजवाड्यामागून वळायचा आणि प्रधानाच्या, सेनापतीच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या शेताला पाणी पाजत पाजत लांब शेपटवाडीला जाऊन संपायचा.

तिथे, अगदी शेवटी, जिथे पाटाची धार करंगळीएवढी होई, तिथे एक शेत होतं. ते राजाचं.

हसू नका, रीतच तशी होती. जो गादीवर बसेल त्याने शेपटाचं शेत कसायचं, आणि त्यात पिकेल तेच राजाच्या ताटात पडायचं. आणि राजाने पहिला घास घेतल्याशिवाय नगरातल्या कुठल्याही मानकऱ्याने घास घ्यायचा नाही, ही दुसरी रीत. या रीती कुणी घातल्या, का घातल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण ठाऊक नसलं की लोक रीत फार जपतात.

राजपुत्र लहान असताना वडिलांचं बोट धरून त्या शेतावर जाई. बांधावर करंजाचं झाड होतं. त्याखाली बापलेक पाण्याची वाट बघत बसत. शेपटवाडीची माणसंही येऊन टेकत. कुणी भाजलेल्या शेंगा आणी, कुणी गुळाचा खडा. एक म्हातारी होती. तोंडात दात राहिले नव्हते, पण जीभ दोघांचं काम एकटी करी.

ती विचारायची, "राजा, आलं का रे पाणी?"

"नाही गं माय. अजून वरच्यांची तहान भागायचीय."

"मग बस. राजा झालास म्हणून पाणी काय पळत येतंय?"

सगळे हसत. राजा सगळ्यांत जास्त हसे. मग केव्हातरी कोरड्या मातीवरून पाणी वळवळत येई. पुढे फेस, फेसावर काटक्या, काटक्यांवर घाबरलेले मुंगळे. राजपुत्र पाय पुढे करून बसलेला असे. पाणी पायाला लागलं की बाप विचारी, "गार आहे?" आणि लेक म्हणे, "गार आहे."

पण घरी ताटात तो तांबडा, जाडाभरडा भात. राजपुत्राच्या घशाखाली उतरेना. 'मी राजा झालो की बघतो,' असं तो भाताला मनातल्या मनात धमकावी.

पुढे वडील गेले आणि तो खरंच राजा झाला.

प्रधान हात जोडून म्हणाला, "महाराज, तुमच्या आधी माझं शेत भिजतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं."

थोरल्या राजाच्या वेळी त्याला असं कधी झालं नव्हतं. पण गादीवर नवा माणूस बसला की प्रधानांना पुष्कळ गोष्टी नव्याने व्हायला लागतात.

राजाने शेपटाचं शेत पडीक टाकलं आणि पाटाच्या तोंडाशी नवं घेतलं. पाणी दारातच. भात असा पांढरा पिकला, की चांदीच्या ताटात वाढलाय की नाही ते हात लावून बघावं. राजा खूश. राजाहून प्रधान खूश. महाराजांचं शेत भिजलं, आता घाई कसली? त्याने पाट फोडून बागेत कारंजं काढलं. सेनापतीने हत्तींना डुंबायला डबकं केलं. माळ्याने पाहिलं, मोठे घेतात, मग मी काय घोडं मारलंय? त्यानेही थोडी माती उकरली.

राजाच्या कानावर आलं, शेपटवाडीला पाणी पोचत नाही. त्याने पाटावर पहारेकरी बसवले. पहारेकऱ्यांनाही मिरच्या-वांगी लावायची हौस होती. मग पहारेकऱ्यांवर पहारेकरी बसवले. त्यांची हौस आणखी मोठी निघाली.

इकडे राजाला काहीतरी चुकल्यासारखं होऊ लागलं. नव्या शेतावर जावं, तर पाणी आधीच येऊन बसलेलं. वाट बघायला नको, वाट बघायला सोबत नको. शेंगा होत्या, पण एकट्याने सोलायच्या. एक दिवस त्याला त्या करंजाची फार आठवण आली. तो उठला आणि चालत शेपटवाडीला गेला.

करंज उभा होता. खाली जमीन तडकलेली. निम्मी घरं बंद. म्हातारी आपलं जातं रेड्याच्या पाठीवर बांधत होती.

"या बाळराजे," ती म्हणाली. "पाणी बघायला आलात? ते वरच आहे, तुमच्या दारात. उगीच एवढं चाललात."

"तू कुठे निघालीस, माय?"

"जिथला राजा तहानलेला असेल तिथे."

राजा सवयीने करंजाखाली बसला, सवयीने पाय पुढे केले. म्हातारीच्या तोंडूनही सवयीनेच निघून गेलं, "आलं का रे पाणी?"

"नाही गं माय. अजून वरच्यांची तहान…"

तो मध्येच थांबला. वरचा आता तोच होता. सगळ्यांत वरचा.

त्याने पाय मागे घेतले. मग म्हणाला, "माय, उद्याचा एक दिवस थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळीच राजाने सगळ्या मानकऱ्यांना पंगतीला बोलावलं. पुरणपोळ्या, वर तुपाची धार. राजाच्या पुढे मात्र रिकामं ताट.

"महाराज, घास घ्यावा," प्रधान म्हणाला.

"घेईन की. शेपटाचं शेत मी पुन्हा माझं केलंय. तिथे पाणी पोचलं की घेईन. तोवर मी तिकडे जाऊन बसतो. तुम्ही गप्पा मारा."

राजा निघून गेला. गप्पा फार चालल्या नाहीत. तूप थिजायला लागलं. सेनापतीने पोळीकडे पाहिलं, पोळीने सेनापतीकडे. पहारेकऱ्यांना माती टाकायला पाठवावं म्हटलं, तर तेही दारात उभे, पोळी खुणावत असताना कसले हलतात. शेवटी प्रधानाने धोतर खोचलं, फावडं उचललं आणि आपलं भगदाड आपल्याच हाताने बुजवायला बसला. ते पाहून माळ्याने आणि पहारेकऱ्यांनीही आपापली उकरलेली माती परत लोटली. सेनापती हत्तींना हाकलत होता, आणि हत्ती, ते बिचारे रीत न पाळणारे, हलत नव्हते.

उन्हं कलली, तेव्हा कोरड्या मातीवरून पाणी वळवळत आलं. पुढे फेस, फेसावर काटक्या, आणि काटक्यांमागून डुलत डुलत प्रधानाचं पागोटं.

"आलं का रे पाणी?" म्हातारीने विचारलं.

"आलं गं माय."

"गार आहे?"

"गार आहे," राजा म्हणाला. म्हातारीने पदरातली भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली. तोच त्याचा पहिला घास. मग तिने रेड्यावरचं जातं उतरवलं.

गेलेल्यांपैकी काहींची घरं परत उघडली, काहींची नाही उघडली. राजा जन्मभर तांबडा भात जेवला. तो चांगला लागला, असं त्याने कधी म्हटलं नाही. पण त्यानंतर पाट कुणी फोडला नाही.

तात्पर्य: ज्याची ओंजळ सगळ्यांत शेवटी भरते, त्याच्याच हाती पाट सोपवावा.