‘कै.’ काढणारं सॉफ्टवेअर

“पण अक्का, पीडीएफमधला मजकूर मुळातूनच बदलेल, असं एखादं सॉफ्टवेअर जगात असेल की नाही?”

निरंजन देवकुळेनं हे विचारलं तेव्हा अक्का मठाच्या ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या.

मठ म्हणजे तरी काय, पत्र्याच्या दोन खोल्या. पण ज्याला घरात मनातलं बोलता येत नाही तो टेकडी चढून इथे अक्कांकडे येतो. आणि निरंजन तर दूध संघाच्या ऑफिसातला कॉम्प्युटरचा शहाणा. आपल्या ऑफिसला असलं सॉफ्टवेअर शोधून दे, असं साहेबांनी त्यालाच सांगितलेलं.

“नाही मिळालं?” अक्कांनी विचारलं.

“ढीगभर मिळाली. एक आहे ते मजकुरावर पांढरं ठिगळ लावतं, वर लिहा म्हणतं. एक अख्ख्या पानाचा फोटोच करून टाकतं. एकाला इंग्रजी झकास जमतं, पण मराठी आली की वेलांटी एका अक्षरावरून उडी मारते ती दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते.”

“आणि बदलायचं किती आहे?”

निरंजन घुटमळला.

“एकच शब्द.”

“कुठला?”

“... कै.”

अक्कांचा हात थांबला.

मग सगळं बाहेर आलं. संघाची स्मरणिका यानंच जुळवलेली. जुन्या मार्गदर्शकांची नावं एकाखाली एक घेताना वरच्या नावाचा ‘कै.’ खाली उतरला, तो थेट आबा टिळेकरांच्या नावाआधी जाऊन बसला. आबा आपले गावी, चांगले धडधाकट. ज्यांनी याला संघात लावून घेतलं, साधं टिपण कसं लिहायचं तेही शिकवलं, त्यांनाच यानं जिवंतपणी कैलासाला धाडलं! स्मरणिका सगळ्यांच्या मोबाइलवर गेली. मूळ फाइल मांडणी करणाऱ्याच्या कॉम्प्युटरबरोबर उडाली. हातात उरली ती पीडीएफ.

“आबांनी पाहिली?”

“पाहिलीच असणार. सुनेच्या मोबाइलवर गेलीय.”

“काय म्हणाले?”

“फोन नाही आला.”

“तू केलास?”

“कुठल्या तोंडानं करू? आधी तिथे ‘श्री.’ करतो, चोख प्रत घेऊन जातो, मग पाया पडतो. अर्धवट काम मी कुणापुढे नेत नाही, अक्का.”

शेवटचं वाक्य जरा तोऱ्यातच आलं.

“लाव फोन.”

“आत्ता नको...”

“लाव म्हणते ना.”

त्यानं लावला. पलीकडे घंटी वाजली तशी अक्कांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“कैलासवासी आबा टिळेकर आहेत का घरी?”



पलीकडे आधी खोकला. मग हसू. आबा फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे सगळं ओसरीभर ऐकू येत होतं.

“आहेत की! चहा पितायत. तुम्ही हार आणताय का नारळ? अहो, अख्खं गाव येऊन गेलं. आबांचं आयुष्य वाढलं म्हणतात आणि वर मलाच पेढे मागतात! कोण बोलतंय?”

अक्कांनी फोन निरंजनच्या कानाला लावला.

“आबा... मी. निरंजन.”

पलीकडचं हसू थांबलं.

“निरंजन होय... अरे, गाव आलं, संघातलेही दोघं-तिघं येऊन बसून गेले. तुझाच पत्ता नाही. मी सुनेला म्हटलं, ‘कै.’ चुकून माझ्यावर पडला गं, गेलाय तो आमचा निरंजन.”

“तसं नाही, आबा. मी दुरुस्त करतोय ते... सॉफ्टवेअर बघतोय.”

“बघ, बघ.” आबांचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली की अक्कांना ऐकायला वाकावं लागलं. “सावकाश बघ.”

आणि फोन बंद झाला.

निरंजननं फोन खिशात ठेवला. खाली फाट्यावर एसटी थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली.

मग त्यानं सवयीनं मांडीवर लॅपटॉप घेतला आणि उघडला.

“अजून एक बघायचं राहिलंय, अक्का. पहिले काही दिवस फुकट वापरायला देतात. त्यात वेलांटी जागेवर राहिली, तर उद्यापर्यंत...”

अक्का उठल्या. त्यांनी लॅपटॉप एका हातानं हलकेच मिटला. पायरीशी पडलेल्या निरंजनच्या चपला वाकून उचलल्या आणि पायवाटेकडे तोंड करून सरळ मांडून ठेवल्या.

“अक्का, मग फाइलचं...?”

“फाइल काही म्हातारी होत नाही, बाळा.”