वेळूच्या बनातली फुगडी

केसरच्या फ्रॉकला ठिगळंच ठिगळं, पण डोळे कसे टपोरे, लुकलुकते. बाबा देवाघरी गेले, तशी ती आणि आई या नव्या गावात, वेळूच्या बनाशेजारी राहायला आल्या. आई सुपं-टोपल्या विणायची. सकाळी विणायला बसली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. माल न्यायला व्यापारी दारातच यायचा, म्हणून बाजार नाही, कुणाशी गप्पा नाहीत. हळूहळू आईचं हसू आटलं, मग बोलणं, आणि आता तर तिला घासही गोड लागेना. आई अशीच विझून गेली तर? या भीतीने केसरच्या छातीत सारखा एक दगड असायचा.

एकदा ती बनात काटक्या वेचत होती. पोपटी पानांत, सोनेरी कवडशात काहीतरी फडफडलं. बघते तर इवलीशी वेळूपरी! पिवळाधमक परकर, मोरपंखी पंख, आणि एक पंख वेळूच्या फटीत अडकलेला. वेळूची धार बोट कापते, हे बुरडाच्या पोरीला कुणी सांगायला नको. तरी केसरने दोन्ही हातांनी फट फाकवली. बोटातून रक्त आलं, पण परी सुटली.

परीने फुंकर घालून बोट बरं केलं आणि ती म्हणाली, "एक इच्छा माग, बाळ. पण बसल्या बसल्या मागायची नाही हं. खेळून खेळून दम लागला, गाल लाल झाले, की मगच."

आता आपली केसर थोडी लबाडही होती. दुसऱ्या दिवशी ती गालांना कुंकू चोळून आली. परी इतकी हसली की पंखांवरची चमचम खाली सांडली. मग काय, केसर बसफुगडी घालायला लागली. एकटीला दुसरी कुठली घालता येणार? उकिडवं बसायचं आणि एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. रोज घाम यायचा, रोज गाढ झोप लागायची, आणि गंमत म्हणजे छातीतला दगड लहान लहान होत लिंबाएवढा झाला.

एके दिवशी धापा टाकतच ती म्हणाली, "माझ्या आईला हसू दे."

परीचा चेहरा उतरला. ज्याला हवं त्यानेच दमायचं, दुसऱ्यासाठी मागता येत नाही, असं तिने हळूच समजावलं. त्यापेक्षा छानशी मैत्रीण माग, म्हणाली. मैत्रीण! केसरला ती किती हवी होती!

"मग माझी इच्छा आईला देता येईल?" केसरने विचारलं.

"येईल. पण तुझ्यासाठी काही उरणार नाही, सोनुल्या."

"नाही उरलं तरी चालेल."

केसर धावत घरी गेली आणि तिने आईच्या हातातली सुरी बाजूला ठेवली. आई काम दाखवत राहिली, गुडघे धरलेत म्हणाली. केसरने हात सोडलेच नाहीत.

"एकच फुगडी, आई."

आई कशीबशी उठली. हातांची अढी घातली, चवडे जुळवले, दोघी मागे रेलल्या. आधी सावकाश, मग गरगर. जांभळं लुगडं, ठिगळांचा फ्रॉक, सगळं एक झालं. आईच्या तोंडून आपोआप "फू, फू" निघालं आणि अंबाडा सुटला. आवाज ऐकून शेजारची तानूबाई लेकीला, हौसाला घेऊन अंगणात आली. तुम्हाला माणसं नकोशी आहेत असंच वाटलं होतं बाई, असं म्हणून तिने लगेच पदर खोचला.

आई थांबली ती हसतच. गाल लालेलाल, श्वास फुललेला.

"आता माग, आई," केसर कानात म्हणाली. "हवं ते माग."

"मला?" आई डोळे पुसत म्हणाली. "मला आणखी एक फुगडी हवी."

"दिली," कुंपणावरून इवलासा आवाज आला. "रोज एक." लख्ख सोनेरी उजेड झाला, बन झळाळलं, आणि परी त्यात विरून गेली.

आईने तानूबाईचे हात धरले. केसर बाजूला सरकली. तिची इच्छा तर संपली होती. तिने मान वर केली, तर समोर हौसा दोन्ही हात पुढे करून उभी.