ठळक 'ष'

फार मागे एका छापखान्यात मथळ्यांसाठी घडवलेला मोठा 'ष' होता. त्याचा उभा दांडा जाडजूड, पण पोटातली तिरकी रेघ केसाएवढी बारीक.

"लोक थांबतात ते मला बघून," दांडा तिला म्हणायचा. "तू मागेच राहा."

एकदा गावच्या विहिरीत पिकावरचं विषारी औषध सांडलं. छापखान्यातल्या मार्तंडरावांनी घाईने 'विष' छापायला घेतलं. दांडा इतका पुढे सरसावला, की रेघेला शाई लागलीच नाही.

"'विप'?" कागद बघून मार्तंडराव हादरले. "याचा अर्थ कुणाला कळणार? बाया पाणी भरतील की!"

दांडा शरमला. "ताई, तू ये पुढे," म्हणत तो मागे सरला.

दुसरा कागद विहिरीवर लागला. मोठं अक्षर लांबून बघून बाया थबकल्या, जवळ येऊन त्यांनी 'विष' वाचलं आणि रिकाम्या घागरी घेऊन त्या घरी परतल्या.