दोनशे बारावं पान

"आजपासून तळ्यात जाळं टाकायचं नाही!" राजाचे शिपाई काठावर येऊन ओरडले. कोंडाबाई भोईण ओलं जाळं खांद्यावर टाकून तशीच दरबारात गेली.

"महाराज, तळं बंद झालं तर आमच्या चाळीस घरांनी खायचं काय?"

रणधवल राजा वैतागला. "अगं, तळ्याचं धोरण वर्षभर संकेतस्थळावर आहे! हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत!"

"काढणार कसा? ते वाचून कळतंय कुणाला?"

प्रधान शार्ङ्गधरपंत हसले. "अकरा हजार लोकांनी उघडलंय ते!"

"उघडलं असेल, पंत. माझ्या पाटीवरचं फडकंही सगळा बाजार उघडतो. मासा घेणारे चारच!"

"फार जीभ चालते तुझी!" राजा म्हणाला. "एकानंही ते वाचलेलं नाही, हे उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर. नाहीतर तळं बंद!"

आता सांगा, न वाचणारा माणूस पकडायचा कसा?

कोंडाबाईनं घरी येऊन फुटक्या काचेच्या मोबाईलवर धोरण उघडलं. 'उपरोक्त', 'तथापि', 'परंतुक'... तिनं वाचणं सोडलं आणि नुसती पानं सरकवत शेवटाला गेली. मग निवांत जाळं विणत बसली.

दुसऱ्या दिवशी दरबारात येऊन म्हणाली, "चुकले, महाराज! धोरण झकास आहे. दोनशे बारावं पान तर काय सांगू! तळ्याच्या मधोमध महाराजांचा घोड्यावरचा पुतळा! कुणाला हो सुचलं हे?"

पंत क्षणभरही थांबले नाहीत. "मलाच! ते पान मी स्वतः लिहिलं. तीनदा वाचून पाहिलं!"

"वा! आम्हालाही तेच पान आवडलं!" सगळे दरबारी माना डोलवू लागले.

"आणि महाराजांनी वाचलं का?"

राजानं मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे काय! वाचल्याशिवाय का शिक्का मारला? घोडा चांगला लक्षात आहे आमच्या."

"मग तेवढं पान दाखवा की सगळ्यांना!"

लेखनिकानं मोठ्या पडद्यावर पानं सरकवली. एकशे ऐंशीव्या पानावर धोरण संपलं. खाली फक्त महाराजांचा शिक्का.



"लिहिणाऱ्यानं वाचलं नाही, शिक्का मारणाऱ्यानं वाचलं नाही," कोंडाबाई म्हणाली, "आणि आम्ही मासेमारी सोडून वाचत बसायचं होतं होय?"

राजा शिक्क्याकडे बघत राहिला, आणि एकदम खो खो हसत सुटला. "घोड्यावरून आम्हीच पडलो की गं! जा, तळं तुमचं! आणि पंत, यापुढे कुठलंही धोरण आधी मासळीबाजारात हिला तोंडी सांगायचं. हिला कळलं, तरच संकेतस्थळावर चढवायचं!"

पंतांनी पडेल आवाजात विचारलं, "केवढं लांब चालेल, बाई?"

"एक मासा साफ होईस्तोवर संपलं पाहिजे, पंत. आणि मासा मी निवडणार!"