दुसरी बादली

"पण सर, किडनी बनवणाऱ्याला नदीनाल्यांचं काय करायचंय?"

शार्दूल निकमनं अर्ज टेबलावर ठेवला. जैवअभियांत्रिकीच्या मुलांना 'प्राथमिक जलविज्ञान' सक्तीचं होतं. त्याला त्यातून सूट हवी होती. कृत्रिम किडनीत रक्त गाळणारा पडदा त्यानं स्वतः तयार केला होता. तिथलं काम नेमकं या तासांच्या वेळी चालायचं; आज पाचपर्यंत सूट मिळाली, तरच प्रयोगशाळेतली एकुलती एक जागा त्याची होणार होती.

तो विषय शिकवणाऱ्या डिग्रजकर सरांनी अर्ज दोनदा वाचला. सर चहाची चिठ्ठीही दोनदा वाचतात, असं मुलं म्हणत.

"तुझं बरोबरही असेल. मला नक्की सांगता येत नाही."

चौतीस वर्षं शिकवून हे! शार्दूलनं हसू दाबलं.

"सही करतो. त्याआधी एक बादली उचलशील?"

कॉलेजमागचं काळ्या मातीचं रान उन्हानं भेगाळलं होतं. सरांनी तिथं परातीएवढं लोखंडी कडं जमिनीत ठोकून ठेवलं होतं.

"यात बादलीभर पाणी किती वेळात मुरेल?"

"काळी चिकणमाती. पाणी धरून ठेवते. दोन तास तरी."

शार्दूलनं पाणी ओतलं. भेगांमध्ये गुडगुड झाली… आणि पाणी गेलं. मिनिटभरात.

"पुस्तक चुकलं."

"बिचाऱ्या पुस्तकावर कशाला ढकलतोस? चल, जेवून येऊ."

"सर, पाच वाजता…"

"आत्ता एक वाजलाय. माझी भाकरी पाचपर्यंत थांबायची नाही."

ते परतले तेव्हा कड्यातली माती फुगून भेगा मिटल्या होत्या. सरांनी बादलीकडे बोट दाखवलं.

"आता?"

"एका मिनिटात. आता मी स्वतः मोजलंय." शार्दूलचा आवाज ठाम होता.

पाणी ओतलं. ते तसंच राहिलं.

पाच मिनिटं… पंधरा…

शार्दूलनं घड्याळ पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. ते उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून पाण्यात डोकावत होते. पाळण्यात डोकावावं, तसे.

"किती वर्षं हे बघताय, सर?"

"चौतीस."

"मग तुम्हाला ठाऊकच होतं!"

"छे रे. मला वाटलेलं, थोडं तरी जाईल." आणि सर खुशीत हसले.

शार्दूल बघतच राहिला. स्वतःचं चुकलं म्हणून एवढं खूश झालेलं माणूस त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

"तुझा तो पडदा…" सर अडखळले. "माझा विषय नाही, चुकत असेन. पण एकाच पडद्यातून किती वेळा गाळून पाहिलंस?"

शार्दूलनं कड्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

"एकदा," तो म्हणाला. "छान गाळलं होतं."

"हं."

सरांनी अर्ज गुडघ्यावर पसरला, पेनाचं टोपण काढलं.

"सही कुठं करू?"

पाणी अजून कड्यात उभंच होतं. शार्दूलनं सरांच्या गुडघ्यावरून कागद हळूच उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. ती जागा आता दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

"उद्या तास आठलाच ना, सर?"

"आठला."

"मग उद्या इथं तिसरी बादली ओतू. काय होईल?"

सरांनी तळवा ओल्या मातीवर ठेवला.

"मला काय ठाऊक? माझी नि हिची आजच तर भेट झाली."