केरूबाचं फिकं अंजीर

करंजओढ्याला अजून वेस बांधलेली नव्हती आणि ओढा बारा महिने वाहत होता, त्या काळी तिथे केरूबा नावाचा माळी राहायचा. सगळ्या गावाची अंजिरं चैत्रात पिकून संपायची, आणि केरूबाची झाडं तेव्हा हिरवीगार फळं धरून खुशाल उभी असायची. वैशाख सरत आला की मग ती पिकायची. लोक त्यांना आळशी झाडं म्हणायचे. पण पिकली की फळ इतकं गोड, की खाणाऱ्याच्या बोटांना मुंग्या लागायच्या, असं म्हणतात.

फळ लवकर पिकवायची एक युक्ती केरूबाला येत होती. अंजिराला देठाच्या उलट बाजूला बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. तो डोळा लालसर झाला, की काडीने तिथे गोड्या तेलाचा एक थेंब लावायचा. पंधरा दिवसांचं काम पाच दिवसांत होतं. पण डोळा हिरवा असताना तेल लावायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याला हजारदा बजावलं होतं.

त्या वर्षी गावची लेक ठकू बाळंतपणाला माहेरी आली. आधीची दोन पोटात राहिली नव्हती, आणि आता तिला अन्नाचा घास ठरत नव्हता. डोहाळा लागला तो एकच, अंजिराचा. गावची अंजिरं तर केव्हाच संपलेली. तिची आई दारोदार विचारत फिरली. तेव्हा केरूबा चारचौघांत मिशीला पीळ भरत बोलून गेला, की वैशाखातल्या आखितीला डोहाळजेवण करा, अंजिरं मी आणतो.

आखिती सहा दिवसांवर आली आणि झाडावरचे सगळे डोळे हिरवे. शब्द तर देऊन बसलेला. केरूबाने वाटी घेतली आणि फळाफळाला तेल लावून टाकलं. पानाआड लपलेलं एक तेवढं सुटलं. पाचव्या दिवशी अंजिरं टपोरी, जांभळी, मऊ झाली. केरूबाने एकही चाखलं नाही. डोहाळकरणीच्या आधी उष्टं कसं करायचं, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं म्हणजे त्याला चव जाणून घ्यायचीच नव्हती.

आखितीला ठकूने भरल्या अंगणात अंजीर खाल्लं. चावलं, थोडी थांबली, गिळलं, आणि म्हणाली, "लई ग्वाड हाय, तात्या." मग बाकीच्यांनी खाल्ली आणि सगळ्यांनी तेच म्हटलं. केरूबाला शेला-नारळ मिळाला. घरी येऊन त्याने टोपलीतलं उरलेलं एक तोंडात टाकलं. आत नुसता भुसा.

केरूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोरीने उपाशी पोटी त्याच्या अब्रूसाठी भुसा गिळला होता, आणि तो वर शेला पांघरून आला होता.

आता पानाआडचं एकच फळ उरलं. केरूबा घागरीने पाणी घालायचा आणि झाडाखाली बसून राहायचा. वैशाख संपला, ज्येष्ठही सरत आला, तरी फळाचा डोळा हिरवाच. पोपटसुद्धा त्या फळाला शिवत नव्हते, असं म्हणतात. येणारेजाणारे म्हणायचे, यंदा तुम्ही कमाल केलीत. की केरूबाची मान आणखी खाली. तिकडे ठकू रोज वाळत चालली होती.

शेवटी एका सकाळी तो शेला घेऊन तिच्या अंगणात गेला. बायका धान्य निवडत होत्या, पुरुष बसले होते. शेला त्याने जमिनीवर ठेवला.

"ठकू, ते अंजीर फिकं व्हतं. डोळा हिरवा आसताना म्या तेल लावलं. तुला कळलं व्हतं, आन् तुला कळलंय हे मलाबी कळलं व्हतं."

कुणी मान वर केली नाही, कारण ती अंजिरं सगळ्यांनीच खाल्ली होती. ठकू रडायला लागली.

"फिकं व्हतं, तात्या. पर तुमचं तोंड उतरल्यालं मला बघवलं नसतं."

केरूबा झाडाशी परतला तो फळाचा डोळा कुंकवासारखा लाल. त्याने थेंब लावला, आणि काडी खाली ठेवेपर्यंत फळ पिकून डोळ्यातून मध गळायला लागला, असं म्हणतात. ते घेऊन तो पुन्हा त्या अंगणात गेला. सगळ्यांदेखत आधी स्वतः चावा घेतला आणि मगच ठकूला दिलं. तिच्या पोटात ते ठरलं. पुढे जेवणही ठरलं, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. केरूबाची मान मात्र पुन्हा कधी पुरती वर झाली नाही.

करंजओढ्यात अजून डोहाळजेवणाचं पहिलं अंजीर बागवाला स्वतः चाखतो आणि चव मोठ्याने सांगतो. बाहेरगावच्या पाहुण्या उष्टं म्हणून नाकं मुरडतात, त्यांना मुरडू देतात. फळ फिकं निघालं तर तो तसं सांगतो, मंडळी मुकाट उठतात आणि जेवण पुढच्या दिवसावर जातं. गेल्या साली एकीचं जेवण असं तीनदा पुढे गेलं. बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा कुठे आईच्या हातावर अंजीर पडलं, आणि बागवाल्याला कुणी चकार शब्दाने बोललं नाही.